धरणातल्या बेवारस बोटी: कागद दिवाळीनंतर, काम मे महिन्यात

प्रश्न असा आहे. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, गंगापूर तालुक्याच्या बाजूला एका गावाजवळ तीन बोटी पडून आहेत. एक मासेमारीची लाकडी होडी, फळ्या उकललेली. दुसरी फायबरची, उलटी होऊन अर्धी गाळात गेलेली. तिसरी वाळूवाल्यांची लोखंडी बोट, इंजिन आणि वाळू ओढायच्या सक्शन पंपासकट बुडालेली, एक कोपरा तेवढा पाण्यावर. जाळी अडकून फाटतात, पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पीक घेणाऱ्या गाळपेरवाल्यांचा ट्रॅक्टर अडतो, वारा पडला की पाण्यावर डिझेलचा तवंग दिसतो. गावच्या मच्छीमार संस्थेने विचारलंय: जाळून टाकू, भंगारवाल्याला देऊ, की तहसीलला सांगून उडवून द्यायला लावू?

तिन्ही नको. का नको ते पुढे येईलच, आधी वेळेचं गणित बघू. या कामात निम्मं यश त्यातच आहे.

कोकणात बुडालेली होडी काढणाऱ्याला चोवीस तासांत दोन ओहोट्या मिळतात. पाणी उतरलं की भोकं बुजवायची, पाणी उपसायचं, भरतीवर बोट तरंगवून न्यायची. धरणाला ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि ती एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. नाथसागराची पूर्ण पातळी १५२२ फूट. तिथपासून मृतसाठ्याच्या पातळीपर्यंत साधारण साडेआठ मीटरचा फरक आहे. म्हणजे आज तीन पुरुष खोल पाण्याखाली असलेली बोट मे महिन्यात कोरड्या गाळात उभी दिसू शकते. जानेवारीत पाणबुडे आणि क्रेन लावून जे काम होणार नाही, ते मे महिन्यात चार माणसं, एक पोकलेन आणि तारदोर यांच्यावर होतं.

तुमची बोट कधी उघडी पडेल हे आजच काढता येतं. पाटबंधारे विभाग धरणाची पातळी रोज फुटांत जाहीर करतो. ती लिहून घ्या. त्याच दिवशी, वारा नसताना, बोटीशेजारी खुणा केलेला बांबू तळापर्यंत सोडा. समजा पातळी १५१० आणि बांबू ११ फूट बुडाला, तर ती जागा १४९९ फुटांना कोरडी होणार. मागच्या चार-पाच वर्षांतल्या मे अखेरच्या पातळ्या काढून बघा. त्या १४९९ च्या खाली जात असतील तर थांबा. जात नसतील, किंवा यंदा पाऊस चांगला होऊन धरण उतरणारच नसेल, तर ड्रमांची पद्धत वापरावी लागेल. ती खाली दिली आहे.

तोवर जागेवर खूण हवी. मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवा आणि वीस लिटरचा रिकामा कॅन भगव्या किंवा पांढऱ्या फडक्यासह तरंगत ठेवा. खाली २५-३० किलोचा दगड. दोर मात्र आजच्या खोलीचा नको. मे महिन्यात दहा फुटांचा दोर बांधला तर सप्टेंबरमध्ये पाणी वीस-पंचवीस फूट चढतं, कॅन पाण्याखाली ओढला जातो, आणि ज्या काळात बोट कुणालाच दिसत नाही त्याच काळात खूणही नाहीशी होते. त्या जागी पूर्ण पातळीला जेवढी खोली येईल तेवढा दोर द्या, वर पाच फूट ढील.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच बहुतेकांचा मे हुकतो. पाण्यात सापडलेली बोट सापडणाऱ्याची होत नाही आणि संस्थेचीही होत नाही. लाकडी आणि फायबर बोटींसाठी पोलीस ठाण्यात लेखी खबर द्या, तलाठी आणि दोन पंचांसमोर पंचनामा करून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, इंजिन असेल तर त्याचा नंबर खरवडून वाचा आणि लिहा. मालक मिळाला तर त्याच्याकडून लेखी घ्या: अमुक तारखेपर्यंत नेतो, नाहीतर हक्क सोडतो. नाही मिळाला तर पोलीस मालमत्ता ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांना कळवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ प्रमाणे जाहीरनामा निघतो आणि हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत मिळते. सहा महिने मोजा. दिवाळी उरकल्याबरोबर अर्ज टाकला आणि जाहीरनामा लगेच निघाला, तर मुदत मे महिन्यात संपते. अर्ज फेब्रुवारीत टाकला तर मुदत संपेपर्यंत पावसाळा आलेला असतो आणि बोट परत पाण्याखाली.

लोखंडी बोटीची गोष्ट वेगळी. ती अवैध वाळू उपशातली असेल तर महसूल संहितेच्या कलम ४८ खाली जप्तीचा विषय आहे, गुन्हा दाखल असेल तर मुद्देमालसुद्धा. तिचा एक नटसुद्धा हलवू नका, आणि भंगारवाल्याला तर बोटीजवळ फिरकूच देऊ नका. तहसीलदारांना अर्ज द्या आणि त्यात ‘जप्ती’ एवढंच न मागता ‘जप्ती, पाण्याबाहेर काढणे आणि तुकडे करून विल्हेवाट’ अशी तीन कामं स्पष्ट लिहून मागा. नुसती जप्ती मागितली तर बोट कागदावर जप्त होते आणि पाण्यात तशीच राहते.

याखेरीज दोन परवानग्या लागतात. बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचं, म्हणून शाखा अभियंत्याचं पत्र. आणि जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून यंत्र आत न्यायचं तर वन विभागाचीही परवानगी. हिवाळ्यात ती मिळणार नाही आणि मिळू नयेही. रोहित (फ्लेमिंगो), बदकं आणि बाकीचे पाहुणे पक्षी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्याच उथळ पाण्यावर असतात. उन्हाळ्यात नदी-सुरय पक्षी उघड्या पडलेल्या वाळूच्या उंचवट्यावर थेट जमिनीवर अंडी घालतात. पोकलेनचा रस्ता आखण्याआधी तो पायी फिरून बघा, अंडी दिसली तर वळसा घ्या.

समुद्रातल्या बुडीत जहाजांसाठी नैरोबी करार आहे, २००७ मधला, २०१५ पासून अमलात. त्यात जहाजमालकावर विमा आणि खर्चाची जबाबदारी आहे. त्याचा दाखला देऊन इथे काही मिळत नाही. तो सागरी जहाजांचा विषय आहे. आपल्याकडच्या होड्यांना विमा तर सोडाच, बहुतेकांच्या अंगावर नंबरही नसतो.

आता उडवण्याबद्दल. नांदेड, परभणी, बीडकडे वाळूच्या बोटी जिलेटिनने उडवल्याच्या किंवा पेटवल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पथकाची अडचण समजते. रात्री पकडलेली बोट ओढून न्यायला साधन नसतं, मागे ठेवली तर सकाळी गायब होते. तरी ही पद्धत वाईटच. स्फोटाने पत्रा फाटतो, नाहीसा होत नाही. फाटके, धारदार तुकडे तळाशी विखुरतात, पुढची पाच वर्षं जाळी कापतात आणि उन्हाळ्यात पाण्यावर येणाऱ्या जनावरांचे पाय चिरतात. पाण्यातल्या दाबाच्या लाटेने माशांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते आणि मत्स्यबीज सोडलेल्या संस्थेचं नुकसान होतं. डिझेल टाकी फुटून एकदम पाण्यात. आणि गंमत अशी की बोटीत सगळ्यात महाग असतं ते इंजिन आणि पंप. जाड ओतकामाचं इंजिन स्फोटातून बहुतेक वेळा दुरुस्तीजोगं राहतं. आठ दिवसांनी वाळूवाले ते ओढून काढतात आणि नव्या पत्र्यावर बसवतात. उपसा थांबवायचा असेल तर इंजिन आणि पंप जमिनीवर आणून तहसीलच्या आवारात टाकणं, हा एकच उपाय चालतो. फायबर पेटवली तर काळा, घशाला झोंबणारा विषारी धूर निघतो आणि काचेच्या धाग्यांचा सांगाडा मागे उरतो. तो राखेसारखा वाऱ्यावर उडतो, शेतात आणि चाऱ्यात जाऊन बसतो.

सोडून दिलेली जड बोट पुरात काय करते ते विजयवाड्याला सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. कृष्णेच्या पुरात वाहून आलेल्या बोटी प्रकाशम बॅरेजच्या दारांवर आदळल्या, दारांचा भार तोलणारी वजनं (काउंटरवेट) मोडली, आणि तिथे अडकलेल्या बोटी काढायला मोठ्या क्रेन लावूनही दिवसच्या दिवस गेले. शेवटी पाणबुड्यांकडून पाण्याखाली कापाकापी करावी लागली. आपल्या गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरीपासून ढालेगाव, मुदगल, विष्णुपुरी, बाभळीपर्यंत दारांची साखळी आहे. धरणातली बोट धरणाच्या दारांकडे जाते, नदीतली बोट पुढच्या बंधाऱ्याकडे. पाटबंधारे खात्याला पत्र लिहिताना हा मुद्दा पहिल्या ओळीत घाला. पत्राची दखल त्याशिवाय लवकर घेतली जात नाही.

प्रत्यक्ष काम. पहिलं पाऊल बोटीकडे टाकण्याआधी वीज. फुगवट्याच्या काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, केबली चिखलातून आणि पाण्यातून गेलेल्या असतात, जोड नुसत्या चिकटपट्टीचे. तारदोर ओढताना अशी केबल कापली की पाण्यात उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. लाइनमनला सांगून त्या ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा काम संपेपर्यंत बंद ठेवा आणि फ्यूज काढून आपल्या माणसाच्या खिशात ठेवा. ‘रोस्टरप्रमाणे दिवसा लाइट नसतेच’ यावर विसंबू नका.

दुसरं, तेल. पैठण, छत्रपती संभाजीनगर, जालना या शहरांचं पिण्याचं पाणी याच धरणातून जातं. बोटीला धक्का देण्याआधी टाकीतलं डिझेल हातपंपाने बंद कॅनमध्ये काढा. टाकीत पाणी शिरलं असेल तर डिझेल वर तरंगतं, नळी वरच्या थरात धरा. इंजिनातलं ऑइल आणि बॅटरी वेगळी काढा. बॅटरी सरळ उभी ठेवून न्यायची. वापरलेलं ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं; २०१६ च्या घातक कचरा नियमांत ते येतं. बोटीभोवती तवंग अडवायला महागडी साधनं लागत नाहीत. जिनिंगवरून कवडी कापूस आणा, जुन्या जाळ्याच्या लांब पिशवीत भरा, पिशवीत मधे मधे झाकण लावलेल्या रिकाम्या बाटल्या घाला म्हणजे ती बुडणार नाही, आणि बोटीभोवती वेढा द्या. कापूस कच्चाच हवा. त्याच्यावरचं नैसर्गिक मेण पाणी दूर ठेवतं आणि तेल धरतं. औषधाच्या दुकानातला शुभ्र कापूस धुतलेला असतो, तो पाणी पितो आणि बुडतो. तेल प्यायलेला कापूस तेलाच्याच कॅनबरोबर द्या, काठावर पेटवू नका.

तिसरं, गाळ. उन्हाळ्यात बुडीत क्षेत्र वरून भेगाळलेलं, टणक दिसतं. फूटभर खाली लोण्यासारखा चिखल असतो. जेसीबी रबरी टायरचं, ते रुतलं की बोट बाजूला राहते आणि जेसीबी काढायला दुसरं यंत्र आणावं लागतं. एका माणसाने अंगाचा भार देऊन पहार रोवून बघावी. दीड-दोन फूट सहज गेली तर टायरवालं यंत्र नेऊ नका. पट्ट्यावरचं पोकलेनही पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या जुड्या आडव्या टाकून, त्यावर मुरूम किंवा लोखंडी प्लेटा अंथरून न्यावं. पऱ्हाट्या मे महिन्यात कुठल्याही गावात ढिगाने मिळतात आणि आडव्या गुंफल्या की भार छान पसरवतात. वाटेत गाळपेरीचं टरबूज किंवा भुईमूग उभा असेल तर त्या शेतकऱ्याशी आधी बोला, पीक निघेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

आता वजन. इथे अंदाज चुकला की दोर तुटतात आणि माणसं जखमी होतात. तुमची लोखंडी बोट ८ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, ९० सेंटिमीटर खोल आणि ३ मिलिमीटर पत्र्याची धरू. पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो. तळ आणि बाजू मिळून ३९ चौरस मीटर, म्हणजे नऊशे किलोच्या वर. अँगल आणि पट्ट्या धरून बाराशे. इंजिन, पंप, पाइप मिळून आणखी हजार. एकूण २.२ टन. हे काही फार नाही. पण हीच बोट काठोकाठ पाण्याने भरली असेल तर आतलं पाणी १८ घनमीटर, म्हणजे १८ टन. गाळ भरला असेल तर त्याच्या दीडपट. भरलेली बोट ओढून काठावर आणायचा प्रयत्न म्हणजे दोन टनांऐवजी वीस ते तीस टन ओढणं. म्हणून आधी रिकामी करायची, मग हलवायची.

रिकामी करायला बोटीचा काठ सगळीकडून पाण्याच्या वर हवा. एक कोपरा जरी पाण्याखाली असला तरी तुम्ही अख्खं धरण उपसत बसाल. काठ किंचित खाली असेल तर मातीच्या गोण्या रचून ताडपत्रीने उंच करता येतो. भोकं लाकडी खुंट्या आणि गोणपाटाने बुजवा, मोठी फट असेल तर बाहेरून ताडपत्री गुंडाळा, पाण्याचा दाबच ती पत्र्यावर चिकटवून धरतो. तीन इंची डिझेल पंप मिनिटाला हजार लिटरच्या आसपास पाणी टाकतो. १८ घनमीटरला हिशेबाने वीस मिनिटं, गाळामुळे प्रत्यक्षात दीड-दोन तास धरा. सक्शनच्या तोंडाला जाळी बांधा. बोट तरंगू लागली आणि अर्धं पाणी आतच असलं, तर तेव्हा कुणीही आत चढू नये. आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि बोट पलटी मारते. दोन्ही बाजूंना दोर बांधून ती स्थिर धरून मगच उरलेलं पाणी काढा.

गाळात बसलेलं बूड सरळ वर उचलू नका. चिखल खालून धरून ठेवतो, आणि ही ओढ बोटीच्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्त असू शकते. एक इंची जीआय पाइपचं टोक चपटं करून पंपाच्या डिलिव्हरीला जोडा आणि बुडाच्या कडेने पाण्याची धार मारत चला. हवा आणि पाणी खाली गेलं की चिकटण सुटते. मग एकच टोक उचला, एखादा हात, आणि थांबा. दुसरं टोक. परत थांबा. घाईने पोकलेनचा जोर लावला तर जुना पत्रा मधेच फाटतो आणि इंजिनाची बैठक हातात येते. पट्टे बुडाखालून घालायचे, दोन्ही टोकांपासून लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर. कडीला किंवा इंजिनाच्या फ्रेमला हूक लावू नका, गंजलेली कडी सगळ्यात आधी निघते.

ओढायला १६ मिमीचा चांगला तारदोर. त्याची तुटण्याची ताकद चौदा-पंधरा टनांची, पण काम पाचव्या हिश्श्यावर करायचं, म्हणजे पावणेतीन टन. त्याहून जास्त लागतंय असं दिसलं तर कप्पी लावून दुहेरी करा. ट्रॅक्टर घसरत असेल तर काळ्या रानात पाच फूट खोल आडवा ओंडका गाडा आणि त्याला दोर बांधा, हे गाडलेलं खुंट ट्रॅक्टरपेक्षा भक्कम. बोटीखाली चार इंची पाइपांचे रोलर. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकून ठेवा, तुटलाच तर फटका मंदावतो. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात बघे नकोत. गावात हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून एक माणूस फक्त लोकांना मागे ठेवायला नेमा.

पाणी उतरलंच नाही तर ड्रम. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा सुमारे आठवा हिस्सा हलकं होतं. म्हणजे २.२ टनांची बोट पाण्याखाली १.९ टन. दोनशे लिटरचा प्लॅस्टिक ड्रम स्वतःचं वजन वजा जाता १९० किलोच्या आसपास उचलतो. हिशेबाने दहा ड्रम, गाळाची ओढ धरून चौदा ते सोळा. ड्रम पाण्याने भरून बुडवायचे, बोटीच्या दोन्ही बाजूंना बुडाजवळ सारख्या संख्येने पट्ट्यांनी बांधायचे, खालच्या बाजूचं बूच उघडं ठेवायचं आणि त्यातून हवेची नळी घालून पाणी बाहेर ढकलायचं. तीन मीटर खोलीला हवेचा दाब फार लागत नाही, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो. खालचं बूच मुद्दाम उघडं ठेवायचं. वर येताना हवा फुगते, तिला वाट हवी. हवा एकाआड एक भरायची, पुढचा डावा, मागचा उजवा, असं. एकाच टोकाला आधी भरली तर ते टोक उसळून वर येतं, पट्टे सरकतात आणि बोट परत तळाला जाते. फायबर तर पाण्याखाली फारच हलकी: पाचशे किलोची बोट पाण्यात दोनशे किलोच्या आत भरते. तिला चार ड्रम खूप झाले.

पाण्याखाली बांधाबांधी कुणी करायची? गावात भोई, कहार समाजातले पट्टीचे पोहणारे असतात. एका दमात दोन-अडीच मीटर खाली जाऊन दोर ओवणं त्यांना जमतं. त्याहून खोल काम त्यांच्यावर टाकू नका. कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खाली उतरायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्या कॉम्प्रेसरमध्ये वंगणाचं ऑइल असतं, त्याच्या हवेत तेलाची वाफ आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जातो, माणूस वर न सांगता बेशुद्ध होतो. बोटीभोवती जुनी नायलॉन जाळी गुंडाळलेली असतील तर कमरेला सुरी बांधल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू नये. खोल पाण्यातली जड बोट काढणं काय असतं ते याच गोदावरीवर, आंध्रात कच्चुलूरूजवळ दिसलं. १५ सप्टेंबर २०१९ ला बुडालेली पर्यटक बोट २२ ऑक्टोबरला निघाली, आणि तीही काकीनाड्याच्या सरावलेल्या पथकाने पूर उतरल्यावर, जाड दोर टाकून हळूहळू काठाकडे ओढत आणली म्हणून.

बोट काठावर आली की तोडणी पूर्ण पातळीच्या रेषेच्या वर करा. खालीच तुकडे केले तर निम्मे तिथेच राहतात. लोखंडाला गॅस कटर, पण रिकामी डिझेल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, तिच्यात वाफ असते. ती काठोकाठ पाण्याने भरा किंवा बोल्ट खोलून सबंध काढा. बोटीला बंद कप्पे असतील तर झाकण उघडून काही तास हवा खेळू द्या. गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, डोकं आत घातलेला माणूस तिथेच कोसळतो. परवानगी हातात असेल तर लोखंडी बोट भंगारात आपला बराचसा खर्च काढते.

फायबर खर्च काढत नाही, उलट खिशातून घालावे लागतात. ताडपत्रीवर ठेवून, पाण्याची धार सोडत ग्राइंडरने मीटरभराचे तुकडे करा. पूर्ण बाह्या, गॉगल आणि एन-९५ मास्क हवाच, काचेची धूळ कातडीत आणि छातीत जाते. आतले थर्माकोलचे ठोकळे आधी सबंध काढा, करवत लागली की त्याचे दाणे होतात आणि वारा ते धरणभर नेतो. तुकडे घंटागाडीत टाकून विषय संपत नाही. सिमेंटच्या भट्टीत ते खपू शकतात, राळ जळून उष्णता देते आणि काच क्लिंकरमध्ये मिसळते, पण दोन बोटींसाठी चंद्रपूरकडे गाडी लावणं परवडणार नाही. तालुक्यातल्या बोटी एका ठिकाणी जमवून प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत विचारा. बूड शाबूत असेल तर माझं मत सरळ आहे: तोडूच नका. जुना रंग खरवडून, कडा घासून ती गाईगुरांच्या चाऱ्याची गव्हाण म्हणून उत्तम चालते. मात्र तळाला भोक पाडा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही आणि कुणी पुन्हा ती पाण्यात ढकलणार नाही.

लाकडी होडीचं काम सगळ्यात सोपं. खिळे काढून फळ्या वेगळ्या करा. डांबर लागलेल्या फळ्या चुलीत घालू नयेत, धूर वाईट. बाकीच्या कुंपणाला, गोठ्याला जातात.

नदीतल्या बोटींना वेगळा हंगाम आहे. बंधाऱ्यांची दारं पावसाळ्यानंतर टाकतात, त्यामुळे हिवाळ्यात पात्र भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात उतरतं. बाभळीची दारं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडीच ठेवावी लागतात. पात्रात यंत्र उतरवण्याआधी जायकवाडीतून आवर्तन किंवा पिण्यासाठी पाणी सुटणार आहे का, ते लेखी विचारा. कोरड्या पात्रात उभं केलेलं पोकलेन रात्रीतून आलेल्या पाण्यात जाऊ शकतं.

राहिला प्रश्न पुन्हा अशा बोटी पडू नयेत याचा. मासेमारीच्या बहुतेक होड्या कुणी मुद्दाम सोडत नाही. मालक मे महिन्यात पाण्याच्या कडेला खुंटीला आखूड दोराने होडी बांधतो आणि कामाला निघून जातो. ऑगस्टमध्ये पाणी चढतं, दोर पुरत नाही, पुढचं टोक खाली ओढलं जाऊन होडी भरते. लाकडी होडीचं आणखी एक: उन्हात फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पहिल्या पाण्यात ती गळून बुडते. उन्हाळ्यात तिच्यावर ओली गोणपाटं ठेवावीत आणि पावसाआधी सांध्यांत कापूस ठासून डांबर भरावं. संस्थेने प्रत्येक होडीच्या दोन्ही बाजूंना नंबर रंगवावा, वहीत मालकाचं नाव आणि इंजिन नंबर लिहावा, आणि ३१ मेच्या आत वापरात नसलेली प्रत्येक होडी १५२२ फुटांच्या रेषेच्या वर ओढून उलटी करून घ्यावी. ओढायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या सभासदाची होडी संस्थेच्या ट्रॅक्टरने ओढा आणि खर्च त्याच्या मासळीच्या हिशेबातून कापा.